वेफर कापताना उरलेला सिलिकॉनचा चिखल भट्टीत कसा वापरावा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत ओतकामाच्या भट्टीवर माझी २२ वर्षं गेली. बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, सुमारे २ टक्के सिलिकॉन लागतो, त्यासाठी आपण फेरोसिलिकॉन (लोखंड-सिलिकॉनचा मिश्रधातू) विकत आणतो. तिकडे सोलरचे वेफर, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकत्या, कापताना त्याहून कितीतरी शुद्ध सिलिकॉन वाया जातो. वेफर साधारण १३०-१५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), हिऱ्याच्या तारेचा काप ५०-७० मायक्रॉनचा. म्हणजे ठोकळ्याचा पाव ते तिसरा हिस्सा पूड होऊन पाण्याबरोबर जातो. ही पूड पुन्हा वेफरच्या शुद्धतेला न्यायची तर वेगळा कारखानाच हवा. आपल्या बिडाला तेवढी शुद्धता लागत नाही, म्हणून हा माल ओतकामात यावा असं मला मनापासून वाटतं.

माल मागवण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि मालाचा तपासणी अहवाल हातात घ्या. अहवालात निकेल बघा, तारेवर त्याचा मुलामा असतो. जुन्या पद्धतीचा, सिलिकॉन कार्बाइड आणि ग्लायकॉल मिसळलेला चिखल असेल तर ही कृती त्याला लागू नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ओल्या सिलिकॉन पुडीची पाण्याशी हळूहळू रासायनिक क्रिया होते आणि हायड्रोजन सुटतो. मी पहिलं पिंप झाकण आवळून ठेवलं होतं. सकाळी त्याचा तळ फुगून पिंप डुगडुगत होतं. ते उघडताना माझे हात थरथरत होते. पिंप नेहमी सैल झाकणाचं, उघड्या हवेशीर शेडमध्ये, विडी-वेल्डिंगपासून लांब ठेवा. चुना, सोडा, सिमेंट जवळ नको.

हा चिखल गोळे बांधून भट्टीत घालायचा. गोळे बांधायला कोअर शॉपमधलं (साच्यातले वाळूचे गाभे बनवायच्या विभागातलं) सोडियम सिलिकेट हाताशी असतं म्हणून तेच घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. ते अल्कधर्मी आहे. मिश्रण तापतं, फसफसतं आणि गॅस सुटतो. मी मक्याच्या स्टार्चची खळ शिजवून, गार करून वापरतो. चिखल ओलसर असतानाच मळायचा आणि पाइपच्या तुकड्यात भरून हायड्रॉलिक जॅकने दाबायचा. गोळा बेसनाच्या मोठ्या लाडवाएवढा पुरे, मोठा केला तर आतून वाळत नाही. कोरडी पूड चाळू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका; उडालेली धूळ ठिणगीने पेट घेते.

गोळे त्याच दिवशी उघड्या ट्रेमध्ये कोअर ओव्हनला (गाभे वाळवायच्या ओव्हनला) ११० अंश सेल्सिअसवर लावा, ओव्हनची चिमणी उघडी ठेवून. दर दोन तासांनी एकच ठरलेला गोळा तोला. लागोपाठ दोनदा वजन तेच आलं की एक फोडून बघा. मधे गडद ठिपका दिसला तर अजून ओल आहे. कोल्हापूरच्या जुलैत सकाळी वाळवलेला गोळा संध्याकाळी पुन्हा दमट होतो, म्हणून पावसाळ्यात ओव्हनमधून थेट भट्टीकडे न्या.

गोळे फक्त रिकाम्या भट्टीच्या थंड चार्जमध्ये (वितळवायला भरलेल्या मालात) घाला. तळाला कार्बुरायझर (कार्बन वाढवायची पूड) आणि थोडा स्क्रॅप, मधे गोळे, वर जड स्क्रॅप. वितळलेल्या मेटलवर कधीही टाकू नका. ओल राहिली असेल तर मेटल उसळून माणूस भाजतो, आणि कोरडे असले तरी हलके म्हणून तरंगून स्लॅगमध्ये (वर येणाऱ्या मळीत) जातात.

हिशोब असा. ५०० किलोच्या हीटला (भट्टीच्या एका वितळणीला) ०.३ टक्के सिलिकॉन वाढवायचा, म्हणजे दीड किलो. गोळ्यात ८५ टक्के सिलिकॉन आणि त्यातला ८० टक्के मेटलमध्ये उतरतो असं धरलं तर १.५ भागिले ०.६८, साधारण २.२ किलो गोळे. उतारा प्रत्येक भट्टीचा वेगळा, तो तुमच्या स्पेक्ट्रोवरूनच (धातूतले घटक मोजायच्या यंत्रावरून) ठरवा. पहिल्या हीटला फेरोसिलिकॉनचा चौथा हिस्साच बदला, उरलेली कसर स्पेक्ट्रो बघून भरा आणि कास्टिंग फोडून पिनहोल (गॅसची बारीक भोकं) तपासा.

लॅडलमध्ये (ओतायच्या बादलीत) घालायचं इनॉक्युलंट, म्हणजे बिडाची घडण सुधारणारी पूड, मात्र होतं तेच ठेवा. त्याचं काम त्यातल्या कॅल्शियम, बेरियमसारख्या घटकांवर चालतं, नुसत्या सिलिकॉनवर नाही. ते काढलंत तर पातळ कडांना चिल येईल, म्हणजे त्या कडक आणि ठिसूळ होतील.