भोरड्यांचा थवा बघायचा तर

डिसेंबर-जानेवारीत शाळू निसवून कणसं चिकात आली की आमच्या सोलापूरकडे भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, शेतावर तुटून पडतात. दिवसभर माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणाऱ्याला त्यांचं कौतुक सांगायला जाऊ नका. संध्याकाळी मात्र तोही मान वर करून बघतो.

जागा आधी हेरा. पाण्याकाठच्या ज्या बाभळींखाली जमीन शिटेनं पांढरी झालीय, तिथं त्यांचा रात्रीचा मुक्काम. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी पोचा आणि तोंड मावळतीकडे ठेवा, उजळ आभाळावर पक्षी स्पष्ट दिसतात. दुर्बीण नको, तिच्यात थवा मावत नाही. बाभळीच्या अगदी खाली उभं राहू नका, कारण सांगायला नको.

नवखा माणूस म्होरक्या शोधतो. शोधा खुशाल! थवा वळला की मघाशी पुढे होते ते कडेला गेलेले असतात. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये एक वळण टिपा. घरी बघताना अख्खा थवा बघू नका. एकच पक्षी धरा आणि त्याचे शेजारी बघा.

रोमच्या तेर्मिनी स्टेशनजवळ, एका संग्रहालयाच्या गच्चीवर कॅमेरे लावून इटालियन शास्त्रज्ञांनी असंच शेजारी मोजले. पक्षी होता भोरडीच्या भाऊबंदांतला युरोपी स्टार्लिंग. 2008 मध्ये त्यांनी मांडलं, की प्रत्येक पक्षी साधारण सहा-सात शेजाऱ्यांचं भान ठेवतो, मग ते हातभर लांब असोत की चार हात. म्हणून ससाणा घुसून थवा विरळ झाला तरी सहजी फुटत नाही. या कामात जॉर्जो पारिसी होते, ज्यांना 2021 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचा गाजलेला विषय चुंबकीय पदार्थांतल्या अणूंचा गोंधळ!

हंगेरीचे भौतिकशास्त्रज्ञ तामाश विचेक यांनी तर 1995 मध्ये सहकाऱ्यांसोबत पक्षीच काढून टाकले. संगणकावर नुसते ठिपके: वेग सारखा, शेजाऱ्यांच्या सरासरी दिशेनं वळायचं, थोडी चूक माफ. गर्दी पुरेशी आणि चूक कमी असली की सगळे ठिपके एका दिशेला लागतात.

शाळेच्या मैदानावर मी मुलांना हे असं दाखवतो. वीसेक मुलं घ्या. प्रत्येकानं मनात दोघांना धरायचं, नावं सांगायची नाहीत आणि दोघांपासून सारख्या अंतरावर राहायला चालत राहायचं. घोळका फिरायला लागतो, हळूहळू स्थिरावतो. मग एकालाच खुणेनं चार पावलं सरकवा आणि बाकीच्यांचे पाय बघा. मास्तरांनी तेवढं मध्ये ओरडायचं नाही.