आंतरसांस्कृतिक संवाद शिकताय? या चुका टाळा

पुण्यातून जर्मनीला ऑनसाइट जाणाऱ्या इंजिनिअरांचे वर्ग मी घेते. दर बॅचमध्ये कोणीतरी डच संशोधक हॉफस्टेडचे, देशोदेशीच्या संस्कृतींना गुण देणारे आकडे फोनमध्ये घेऊन येतंच. त्या आकड्यांचा होणारा गैरवापर आता बघवत नाही, म्हणून ती चूक आधी.

पॉवर डिस्टन्स, म्हणजे अधिकारातली उतरंड लोक किती गृहीत धरतात (जितकी जास्त, तितका आकडा मोठा): भारत ७७, जर्मनी ३५. हे आकडे आले १९६७ ते १९७३ दरम्यान आयबीएमच्या कर्मचाऱ्यांनी भरलेल्या लाखाहून जास्त प्रश्नावल्यांतून. एकाच कंपनीतली माणसं, त्यांची देशवार सरासरी, आणि जर्मनीही तेव्हाची पश्चिम जर्मनी. सरासरीवरून एकेका माणसाला जोखू नका, हे खुद्द हॉफस्टेड यांनीच बजावलं होतं.

माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलाने ३५चा अर्थ लावला, ‘तिथे साहेबबिहेब कोणी मानत नाही.’ गेल्या गेल्या रिलीजच्या तारखेबद्दलची तक्रार त्याने टीमलीडला वगळून थेट विभागप्रमुखांना मेल केली. त्यांनी ती मेल जशीच्या तशी टीमलीडकडे पाठवली. त्यानंतर टीमलीड त्याच्याकडून बारीकसारीक गोष्टही लेखी मागू लागला आणि हा मला फोनवर सांगायचा, ‘हे लोक दुटप्पी आहेत.’ दुटप्पी कोणीच नव्हतं. साहेबाशी मोकळेपणाने वाद घालता येतो म्हणून कामाची ठरलेली वाट ओलांडता येते असं नाही. तक्रार आधी कोणाकडे न्यायची हे त्या टीममध्ये लिहून ठेवलेलं होतं. त्याने विचारलंच नव्हतं.

मी सगळ्यांना एकच करायला लावते: त्याच टीममध्ये काम करून आलेल्या कोणालातरी निघण्याआधी फोन करा. निर्णय कोण घेतं? मतभेद मीटिंगमध्ये मांडतात की आधीच? चूक सापडली तर पहिल्यांदा कोणाला सांगायचं? यात अर्धा तास जातो, पण तेवढाही धीर नसलेली मुलं ‘दहा मिनिटांत जर्मन संस्कृती’ छाप व्हिडिओ बघून विमानात बसतात.

दुसरी चूक: अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांच्या ‘हाय कॉन्टेक्स्ट’ (बरंच न बोलता गृहीत धरणं) आणि ‘लो कॉन्टेक्स्ट’ (सगळं शब्दांत मांडणं) यांचे शिक्के देशांवर मारून मोकळं होणं. हॉल यांनी संस्कृतींची तुलना केली हे खरं, पण १९७६ साली त्यांनी दिलेलं एक उदाहरण बघा: एकत्र वाढलेली जुळी भावंडं थोडक्या शब्दांत बोलतात, खटला लढवणाऱ्या दोन वकिलांना सगळं सविस्तर मांडावं लागतं. किती बोलायचं आणि किती गृहीत धरायचं हे नात्यावर आणि प्रसंगावरही ठरतं. मुरलेल्या जर्मन टीममध्येही न बोलता समजलेलं बरंच असतं, आणि नवख्याला नेमकं तेच कळत नाही.

बोलताना समोरच्यापासून किती लांब उभं राहायचं याची हॉल यांची अंतरं, ४५ सेंटिमीटर, १.२ मीटर वगैरे, पाठ करू नका. ती मुख्यतः अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या मध्यमवर्गीयांवरून काढलेली आहेत.

कल्चर शॉकच्या, म्हणजे परक्या संस्कृतीत गोंधळून जाण्याच्या, ‘यू’ आकाराच्या आलेखावरही (आधी खुशी, मग घसरण, मग पुन्हा सावरणं) विसंबू नका. १९५५ साली नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांनी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन अभ्यासकांवरून तो मांडला, पण त्यात कमी-जास्त काळ राहिलेल्या वेगवेगळ्या लोकांची तुलना होती, त्याच माणसांचा पाठपुरावा नव्हता. परदेशात झोप उडाली, जेवण जाईना, तर आलेख वर चढण्याची वाट बघत बसू नका, डॉक्टरकडे जा.