कौटुंबिक हिंसाचार: तक्रार देताना आणि सही करताना या चुका टाळा

जतला दिलेली मुलगी मार खाऊन तासगावला माहेरी येते. लगेच कोणीतरी सांगतं, केस करायची तर जतलाच जावं लागणार. तसं काही नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 27 प्रमाणे ती सध्या जिथे राहते, तात्पुरती का असेना, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज चालतो.

दुसरी गफलत एन.सी.ची. "पोलिसात दिलंय" म्हणत बाई निर्धास्त होते, आणि हातात असते अदखलपात्र नोंदीची पावती. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपासच करू शकत नाहीत. नवरा-सासरच्यांचा छळ हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 चा, म्हणजे जुन्या 498-अ चा, दखलपात्र गुन्हा आहे. एफआयआरच मागा, तिची प्रत फुकट मिळते. पण त्या कलमाने शिक्षा होईल, घरात किराणा येणार नाही. छप्पर, खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा, स्त्रीधन हे सगळं 2005 च्या कायद्याच्या कलम 12 च्या अर्जातून मिळतं. घटस्फोट मागायची सक्ती नाही. नांदत असतानाही अर्ज करता येतो. 60 दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. तारखा कशा पडतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून कलम 23 चा अंतरिम अर्ज, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या मदतीचा अर्ज, त्याच दिवशी जोडा.

दवाखान्यात "जिन्यावरून पडले" सांगू नका. केसपेपरवर तेच उतरतं आणि उलटतपासणीत तेच वाचून दाखवतात. कोणी, कशाने मारलं ते डॉक्टरांना लिहायला लावा.

सगळ्यात महागात पडते ती स्टॅम्पवरची फारकत. चार वडीलधारी बसतात, पाचशेचा स्टॅम्प येतो. त्यावर मजकूर ठरलेला: "दागिने, भांडी मिळाली, पोटगीचा हक्क सोडला, काही तक्रार नाही." मिळालेलं नसतं काहीच. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट कोर्टाच्या हुकूमनाम्याने होतो, नोटरीच्या शिक्क्याने नाही. काही समाजांतल्या रूढीला कायदा मान देतो, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. म्हणजे लग्न बहुतेक वेळा तसंच राहतं, आणि "सगळं मिळालं" हा तिच्या सहीचा कागद मात्र पुढे तिच्याच विरुद्ध निघतो. बैठकीत बसा, चहा घ्या, सही वकिलाला दाखवल्याशिवाय करू नका.

वकिलाला पैसे नाहीत हे कारण उरत नाही. विधी सेवा कायद्याने स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. सांगलीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला विधी सेवा समिती, फोन 15100. मार चालू असेल तेव्हा 112, सल्ल्यासाठी 181.

"घर सासूच्या नावावर आहे, निघ इथून" हेही ऐकून घेऊ नका. सासरच्या नातेवाइकाच्या मालकीचं घरही सामायिक घर ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलंय. हा राहण्याचा हक्क आहे, सातबाऱ्यावर नाव लागत नाही. विधवा सून, बहीण, आई यांनाही हाच कायदा लागू होतो.

कलम 12 च्या अर्जावर संरक्षण आदेश, म्हणजे पुन्हा हिंसा न करण्याचा कोर्टाचा हुकूम, मिळाला की त्याची प्रत कपाटात ठेवू नका, पिशवीत ठेवा. तो मोडणं हा कलम 31 चा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ठाण्यात गेल्यावर पहिल्यांदा तोच कागद समोर ठेवा.