संयुक्त राष्ट्रसंघावर बोलताना-लिहिताना या चुका टाळा

२४ ऑक्टोबर जवळ आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांत संयुक्त राष्ट्र दिनाची भाषणं पाठ होऊ लागतात. त्याच दिवसांत कित्तूर उत्सवाची गडबड असते, तयारीला वेळ कमी पडतो. मग जुन्या वहीतलं भाषण पुढच्या मुलाच्या हाती जातं आणि त्यातल्या चुकाही जातात. मुलं जीव तोडून बोलतात, म्हणून त्यांना माहिती खरी मिळायला हवी असं मला मनापासून वाटतं.

दोन संस्थांची सरमिसळ

पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झाला तो राष्ट्रसंघ. १० जानेवारी १९२० ला त्याचं काम सुरू झालं, मुख्यालय जिनिव्हाला. त्यासाठी सर्वात जास्त धडपडले ते अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन, पण अमेरिका त्यात कधी आलीच नाही. जपानने १९३१ मध्ये मांचुरिया घेतला, इटलीने १९३५ मध्ये ॲबिसिनियावर (आजच्या इथिओपियावर) हल्ला केला, आणि राष्ट्रसंघाला दोघांनाही आवरता आलं नाही. संयुक्त राष्ट्रसंघ आला दुसऱ्या महायुद्धानंतर. २६ जून १९४५ ला सॅन फ्रान्सिस्कोत सनदेवर, म्हणजे संघाच्या मूळ करारावर, सह्या झाल्या आणि २४ ऑक्टोबरला ती अमलात आली.

‘भारत स्वातंत्र्यानंतर सदस्य झाला’ हे वाक्यही खोडून टाका. भारत ५१ संस्थापक सदस्यांपैकी एक आहे. सनदेवर भारताच्या वतीने सही केली रामस्वामी मुदलियार यांनी, तेव्हा देशावर इंग्रजांचं राज्य होतं.

सगळ्यात मोठी चूक: जगाचं सरकार समजणं

आपल्या भागात ही चूक जास्त होते, आणि त्यामागचं दुःख मी समजू शकतो. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावर तावातावाने बोलताना कुणीतरी म्हणतंच, ‘आता हे प्रकरण युनोत (म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघात) न्यायला पाहिजे.’ तसं होत नाही. सनदेच्या कलम २ मध्येच म्हटलं आहे की देशाच्या अंतर्गत बाबींत संघाने हस्तक्षेप करायचा नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातही दावा फक्त देशच देशाविरुद्ध लावू शकतो. राज्य, समिती किंवा एखादी व्यक्ती नाही. दोन राज्यांच्या वादासाठी आपल्या घटनेत कलम १३१ आहे, आणि महाराष्ट्राने २००४ मध्ये दावा दाखल केला तो सर्वोच्च न्यायालयातच.

संघाचा पहिला हेतू देशादेशांतलं युद्ध टाळणं हा आहे. त्याला स्वतःची फौज नाही, कर गोळा करायचा अधिकार नाही. सभासद देश देतील तेवढंच बळ. हे एकदा नीट समजलं की बाकीच्या बऱ्याच चुका आपोआप टळतात.

नकाराधिकार आला की सगळं ठप्प?

सुरक्षा परिषदेत १५ सदस्य असतात. ठराव व्हायला ९ मतं लागतात आणि पाच कायम सदस्यांपैकी कुणीही विरोधात मत देता कामा नये; त्यांचं असं विरोधी मत म्हणजेच नकाराधिकार. तटस्थ राहिलं तर ठराव अडत नाही, हे बहुतेक जण विसरतात. पण परिषद अडली म्हणजे संघच थांबला, असं लिहू नका. १९५६ चं सुएझ प्रकरण बघा. इजिप्तवर हल्ला करणाऱ्यांत ब्रिटन आणि फ्रान्स हे कायम सदस्य स्वतःच होते. दोघांनी नकाराधिकार वापरला. तेव्हा विषय आमसभेकडे, म्हणजे सगळ्या सभासद देशांच्या सभेकडे गेला, तिने तातडीचं अधिवेशन घेतलं आणि इजिप्तमध्ये शांतिसेना उतरवायचं ठरवलं. त्या सेनेत भारतीय जवानही होते.

शांतिसेना म्हणजे लढाईला पाठवलेली फौज नव्हे

निळं शिरस्त्राण घातलेला जवान सहसा यजमान देशाच्या संमतीनेच तिथे उभा असतो. १९६७ मध्ये इजिप्तने सांगितलं, आता निघा, आणि तीच सुएझची सेना माघारी आली. थोड्याच दिवसांत तिथे पुन्हा युद्ध पेटलं. गोळीबाराची मुभाही साधारणपणे स्वसंरक्षणापुरती किंवा नेमून दिलेलं काम राखण्यापुरतीच असते.

बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र आहे, आणि आपल्याकडे फौजेत गेलेला माणूस नात्यागोत्यात सापडतोच. त्यातलं कुणी शांतिसेनेत राहून आलं असेल तर भाषण लिहिण्याआधी त्यांच्याकडे तासभर बसा. हुकूम कुणाचा चालायचा, समोरून गोळी आली तर काय करायची परवानगी होती, गावातले लोक कसे वागायचे, हे विचारा आणि वहीत टिपून घ्या.