बांगड्याचा भाव, बँकेचं व्याज: गणितं सोडवायची कशी

उदाहरण वाचलं की हात लगेच सूत्राकडे जातो. तो जरा आवरायचा. दिलेला प्रत्येक आकडा आधी वेगळ्या ओळीत उतरवायचा आणि त्याच्यापुढे एकक लिहायचं: रुपये किलोमागे, किलो दिवसाला, टक्के वर्षाला. सूत्र तोंडपाठ असूनही गुण जातात ते बहुधा ही ओळ गाळल्यामुळे.

मागणीची लवचिकता

किंमत एक टक्का बदलली की मागणी किती टक्के बदलते, ती लवचिकता. समजा, म्हापशाच्या बाजारात बांगडा किलोला २०० रुपयांवरून २५० वर गेला आणि एका मासळीवालीची रोजची विक्री ६० किलोवरून ४८ वर आली. (आकडे गणितापुरते.) मागणीतला बदल −१२ भागिले ६०, म्हणजे −२० टक्के. किमतीतला बदल ५० भागिले २००, म्हणजे २५ टक्के. −२० ला २५ ने भागलं की −०.८. उणे चिन्ह सोडून आकडा १ पेक्षा कमी, म्हणून मागणी अलवचीक.

आता तेच गणित उलटं करून पाहा. भाव २५० वरून २०० वर उतरला, विक्री ४८ वरून ६० वर चढली. मागणी २५ टक्के वाढली, किंमत २० टक्के घटली, उत्तर −१.२५. आकडा १ पेक्षा जास्त, म्हणजे मागणी लवचीक! मासळी तीच, गिऱ्हाईक तेच, मग उत्तर दोन कशी? कारण टक्केवारी काढताना पाया बदलला. आधी २०० ने भागलं, नंतर २५० ने. यावर उपाय मध्यबिंदू पद्धतीचा: दोन्ही टोकांच्या सरासरीने भागायचं. १२ भागिले ५४ म्हणजे २२.२२ टक्के, ५० भागिले २२५ म्हणजेही २२.२२ टक्के. उत्तर −१, कुठल्याही दिशेने गेलात तरी.

पडताळा सोपा आहे. किंमत गुणिले विक्री करून गिऱ्हाइकांचा एकूण खर्च काढा: २०० × ६० = १२,००० आणि २५० × ४८ = १२,०००. खर्च जिथल्या तिथे, म्हणजे लवचिकता बरोबर १. भाव चढल्यावर खर्च वाढला असता तर मागणी अलवचीक, घटला असता तर लवचीक. प्रश्नात मध्यबिंदू मागितला नसेल तर मात्र मूळ किमतीनेच भागा. परीक्षक तेच उत्तर धरून बसलेला असतो.

एक सापळा गोव्यात राहणाऱ्याला तरी सहज दिसावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते, पुरवठा आटतो, भाव चढतो. मागणीवक्र, म्हणजे कुठल्या भावाला किती खपेल ते दाखवणारी रेघ, जागचा हलत नाही, आपण त्याच्यावरूनच वर सरकतो, म्हणून लवचिकता काढता येते. पण श्रावण लागला की कित्येक घरांत मासळीच बंद. तिथे मागणीवक्रच डावीकडे सरकतो. जूनचा एक आकडा आणि श्रावणातला एक आकडा घेऊन काढलेली लवचिकता निरर्थक.

चक्रवाढ व्याज

५०,००० रुपये, दसादशे ८, मुदत २ वर्षं, व्याज तिमाही चक्रवाढ. बँकांच्या मुदत ठेवीत सहसा तिमाहीच असते. दर ४ ने भागायचा: २ टक्के. काळ ४ ने गुणायचा: ८ तिमाह्या. यातलं एकच केलं की उत्तर फसतं. दर २ टक्के पण काळ २ ठेवलात तर रास ५२,०२० येते. दर ८ आणि काळ ८ घेतलात तर ९२,५४७.

१.०२ चा आठवा घात साध्या कॅल्क्युलेटरवर तीनदा वर्ग करून निघतो: १.०४०४, मग १.०८२४३२, मग १.१७१६५९. रास ५८,५८३ रुपये. मधला १.०८२४ हा आकडा फुकट मिळालेला: वर्षाचा प्रत्यक्ष दर ८.२४ टक्के. घात १.१७ असा आधीच तोडलात तर ८३ रुपये गळतात, म्हणून आकडे शेवटीच तोडायचे. सरळव्याज ८,००० होतं. म्हणजे रास ५८,००० पेक्षा थोडी जास्तच हवी. ५२ हजार किंवा ९२ हजार आले की तिथेच थांबा.

ना नफा, ना तोटा

ऑम्लेटच्या गाड्याचं भाडं वगैरे स्थिर खर्च, म्हणजे प्लेटी कितीही विकल्या तरी तोच राहणारा, महिन्याला १८,०००. प्लेट ८० ला, तिच्यावरचा बदलता खर्च ५०. प्लेटमागे उरतात ३०, म्हणून १८,००० भागिले ३० = ६०० प्लेटी. २५ दिवस गाडा लागला तर रोज २४. अंडी, पाव, गॅस बदलत्या खर्चात. गॅस स्थिर खर्चात टाकणं ही नेहमीची चूक. भागाकार अपूर्णांकात आला तर वरचा पूर्णांक घ्यायचा, अर्धी प्लेट कोणी विकत नाही.

महिना १२,००० नफा हवा असेल तर तो स्थिर खर्चात मिळवा: ३०,००० भागिले ३०, म्हणजे १,००० प्लेटी. आणि शेजारच्या गाड्याशी चढाओढीत भाव ७५ केला तर? किंमत जेमतेम ६ टक्के उतरली, पण प्लेटमागे उरतात २५, आणि नुसता खर्च भरून निघायलाच ७२० प्लेटी लागतात.