आश्रयगृहात फील्डवर्कला जाण्याआधी

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या, पहिल्या वर्षी फील्डवर्कसाठी मला पुण्याजवळची एक संस्था मिळाली. एकाच आवारात दोन इमारती, एकीत निराधार बायका आणि दुसरीत मुली. पुढे तिथेच नोकरी लागली, त्याला आता अकरा वर्षं झाली. दरवर्षी नवे विद्यार्थी येतात, त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

पहिल्या दिवशी कुणाची कहाणी विचारू नका. आलेल्या बाईने ती पोलीस ठाण्यात सांगितलेली असते, दवाखान्यात सांगितलेली असते, घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी बघणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्यांना आणि संस्थेच्या अधीक्षिकेलाही सांगितलेली असते. तुम्ही पाचवे. त्यापेक्षा स्वयंपाकघरात जाऊन भाजी निवडायला बसा. मेथीची जुडी निवडताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, हाताला काम असतं आणि बोलायचं की नाही हे तिचं ती ठरवते. एक बाई तीन आठवडे माझ्याशी फक्त कोथिंबिरीच्या भावाबद्दल बोलत होती. चौथ्या आठवड्यात जुडी सोडता सोडता म्हणाली, "ताई, माझं लेकरू आता कितवीत गेलं असेल?" तिला मूल आहे हे फाइलमध्ये कुठेच नव्हतं. त्या एका प्रश्नावरून आम्ही तिच्या सासरच्या गावी शाळेत चौकशी केली, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळवला. बाईमाणसाला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे पहिल्या आठवड्यातच माहीत करून घ्या.

१८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे येऊन विधवेने गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं की ठेवायचं हे तिच्या खुशीवर. मला या कामाचं मूळ त्या 'तिच्या खुशीवर'मध्ये दिसतं. आज आपल्याकडे कायदे आहेत, योजना आहेत, नोंदवह्या आहेत, आणि या सगळ्यात तिची खुशी विचारायची राहून जाते.

मुलींच्या बाजूला गेलात की आधी गृहमातेशी, म्हणजे मुलींची देखभाल करणाऱ्या बाईंशी, मैत्री करा. मी तिथे गेले तेव्हा सात-आठ वर्षांची एक मुलगी रोज रात्री उशीच्या अभ्र्यात चपाती लपवायची. मुंग्या लागायच्या, बाकीच्या मुली ओरडायच्या. मी तिला रोज समजावलं, "अगं, उद्याही जेवण मिळणार आहे." काही उपयोग झाला नाही. रेल्वे स्टेशनवर दिवस काढलेल्या मुलीला 'उद्या' म्हणजे काय वाटत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गृहमातेने एक शब्द न बोलता तिला झाकणाचा छोटा स्टीलचा डबा दिला. "यात ठेव, मऊ राहील." रोज रात्री डब्यात एक चपाती, रोज सकाळी ती शिळी चपाती गाईला. दीड-दोन महिन्यांनी डबा उघडला तर आत टिकल्यांचं पाकीट आणि खडूचे तुकडे.

आता हीच गोष्ट फाइलमध्ये कशी लिहायची, ते नीट ऐका. 'अन्न चोरण्याची सवय' असं लिहू नका. 'रात्री चपाती उशीच्या अभ्र्यात ठेवते' एवढंच, जे दिसलं ते. ही फाइल मुलीच्या मागोमाग सगळीकडे जाते. बाल कल्याण समितीचे अध्यक्ष आणि चार सदस्य तीच वाचून तिच्याबद्दल ठरवतात. चोर, उनाड, खोटारडी हे शब्द एकदा लिहिले गेले की पुसले जात नाहीत.

कायद्याचं थोडक्यात सांगते. २०१५चा बाल न्याय अधिनियम वाचूनच या. सापडलेल्या मुलाला २४ तासांच्या आत समितीपुढे न्यावं लागतं. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं, ते वेगळं. आणि मुलांची ओळख उघड करायला बंदी आहे, म्हणून मोबाइल पिशवीत ठेवा. वाढदिवसाचा केक घेऊन येणारी मंडळी मुलांबरोबर फोटो काढतात, तेव्हा त्यांना थांबवणं हेही तुमचंच काम. मला ते अजून जड जातं, पण मी थांबवते.

पुनर्वसन म्हटलं की सगळीकडे शिलाई मशीन पुढे येतं. आधी ती काय करत होती ते विचारा. आमच्याकडच्या एकीने मार्केट यार्डात कांदा निवडण्यात उमेदीची वर्षं घालवलेली होती, माल ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिला वजनकाटा आणि हातगाडी हवी होती, ब्लाउज शिवायचे नव्हते. पण त्याआधी आधार कार्ड आणि बँकेचं खातं हवं, आणि घरातून नेसत्या लुगड्यानिशी निघालेल्या बाईकडे एकही कागद नसतो. तुमचे निम्मे दिवस कागदांत जातील. ते वाया गेले असं समजू नका. मुलींचं तर अठरा पूर्ण व्हायच्या आत बघा. राज्यात २०१८ पासून शिक्षणात आणि नोकरीत अनाथांना १ टक्का आरक्षण आहे, पण त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं. अठरानंतर एकवीसपर्यंत अनुरक्षणगृहाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडलेल्यांना राहण्याची, सोय होऊ शकते, तीही वेळेत मागावी लागते.

शेवटी एक चूक सांगते, माझी. दुसऱ्या महिन्यात मी त्या डब्यावाल्या मुलीला "शनिवारी येते" म्हणाले आणि परीक्षेमुळे गेले नाही. फोनही केला नाही. दिवेलागणीपर्यंत ती फाटकाजवळच्या पायरीवर बसून होती. पुढचे तीन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. तेव्हापासून मी 'बघते' आणि 'येते' हे दोन शब्द वेगळे ठेवते.

तुमचं फील्डवर्क मार्चमध्ये संपणार, हे मुलींना जानेवारीतच सांगा. आम्ही व्हरांड्यात भिंतीवरचं कॅलेंडर लावतो आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या शेवटच्या दिवसाभोवती त्यालाच लाल पेनाने गोल करायला लावतो. मुली रोज संध्याकाळी एक तारीख खोडतात. त्या दिवशी मात्र ठरल्या वेळेला या, आणि सगळ्यांना भेटून मगच फाटकाबाहेर पडा.