वयस्कर माणसाच्या जठराला पीळ पडलाय? या चुका टाळा

आजींच्या पोटात दुखायला लागलं की घरात सगळ्यात आधी ईनोचं पाकीट फुटतं. बहुतेक वेळा ती ॲसिडिटीच असते. पण पोटाच्या वरच्या भागात जबरदस्त कळा, सारखे कोरडे उमासे आणि उलटी मात्र पडत नाही, असं दिसलं तर जठराला पीळ पडलेला असू शकतो; तोंडावाटे काहीही देऊ नका, पाण्याचा घोटही नाही. दवाखान्यात नाकातून घातलेली नळी जठरात उतरेना, की संशय आणखी बळावतो. ही तीन लक्षणं एकत्र बोर्शार्ट या जर्मन सर्जनने 1904 साली नोंदवली.

म्हातारपणी याचं मूळ बहुधा हायटस हर्नियात, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याचं भोक सैल होण्यात असतं. जठर छातीत सरकतं, म्हणून छातीतही दुखतं. ईसीजी नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊन घरी परतू नका. जुन्या रिपोर्टवर हर्निया लिहिला असेल तर तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या. सीटी स्कॅनमध्ये पीळ स्पष्ट दिसतो. ठाण्यातल्या कासारवडवलीहून घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये निघण्याआधी हॉस्पिटलला एक फोन करा: सीटी आणि एंडोस्कोपी आत्ता, या वेळेला होईल का?

मला सगळ्यात जास्त खुपतं ते ‘वय झालंय, ऑपरेशन झेपणार नाही’ म्हणून हातपाय गाळणं. मोठं ऑपरेशन झेपणार नसेल, तरी एंडोस्कोपीच्या, म्हणजे तोंडातून घातलेल्या दुर्बिणीने पीळ सोडवून पेग नळीने (एरवी पोटाच्या कातडीतून थेट जठरात अन्न द्यायला बसवतात ती) जठर पोटाच्या भिंतीला अडकवता येतं, अनेकदा पूर्ण भूल न देता. शक्यतो दोन ठिकाणी, कारण एका खिळ्यावरची पाटी फिरते तसं एकाच जागी अडकवलेलं जठर पुन्हा फिरू शकतं. हर्निया मात्र तसाच राहतो. आणि जठराचा रक्तपुरवठा तुटून ते काळं पडलं किंवा फुटलं असेल, तर हा मार्ग बंद. तिथे तातडीची शस्त्रक्रियाच लागते. म्हणून ‘सकाळी बघू’ नको.

पुढच्या चुका घरी आल्यावर होतात. ‘आजी तोंडाने जेवतात, मग पेग नळी कशाला?’ असं म्हणून ती लवकर काढायची घाई नको. तिचं काम जठर धरून ठेवण्याचं आहे. बाहेरची चकती कातडीवर करकचून आवळू नका, आत जखम होते. रात्री झोपेत नळी ओढली जात असेल तर पोटपट्टा बांधा. तरीही निघालीच, तर घरी परत खुपसू नका: पहिल्या काही आठवड्यांत वाट पक्की झालेली नसते, नळी जठराबाहेर पोटाच्या पोकळीत जाऊ शकते. वर स्वच्छ गॉज ठेवा, खाणंपिणं थांबवा आणि लगेच हॉस्पिटल गाठा.